खाटकाचा ओटा, साहेबाचा शॅम्बल्स

संपादकांनी फोन करून सांगितलं, तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा. मी विचारलं, कुठला व्यवसाय? ते जरा अडखळले आणि म्हणाले, तेच हो, तुमचं ते इंग्रजीचं. हे अडखळणं माझ्या ओळखीचं आहे. माझ्या धंद्याला नाव नाही. मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा सोयऱ्यांनी विचारलं, मुलीचे वडील काय करतात? बायको म्हणाली, लिखाणाचं बघतात. विहीणबाईंनी मला कवी समजून पहिले दोन सण माझ्या ताटात जरा जास्तच वाढलं. पुढे खरं कळलं आणि वाढप पूर्ववत झालं.

तर मी लोकांना इंग्रजी लिहून देतो. भिवंडीत इंग्रजी शेरवानीसारखी आहे. लग्नापुरती लागते, मग विकत कशाला घ्यायची, भाड्याने आणावी. ते भाड्याचं दुकान माझं. पूर्वी यंत्रमागवाले यायचे. सुताचा व्यापारी गाठी पाठवत नाही, त्याला पत्र. परदेशातल्या गिऱ्हाइकाने कापडाचा रंग उतरला म्हणून कळवलं, त्याला उत्तर. आता माग कमी झाले आणि गोडाऊनं वाढली, म्हणून गोडाऊनवाले येतात. कायद्याचं काम वकील बघतात. मी फक्त भाषा बघतो. म्हणजे चूक त्यांची असते आणि तिला इस्त्री करून द्यायचं काम माझं. सगळे मला मास्तर म्हणतात. शाळेत मी शिकायलाच कसाबसा गेलो, शिकवायला कुठून जाणार, पण टेबलाच्या मागे चष्मा लावून बसलेल्या माणसाला आमच्याकडे दुसरं नाव नाही.

एक मागमालक होते, त्यांना सगळे हाजीसाब म्हणत. ते म्हणायचे, "मास्टरजी, ऐसा लिखो के पढ़ के पसीना छूटे, मगर रिश्ता ना टूटे." मी चार ओळींत तसं लिहून द्यायचो. ते कागद हातात घेऊन बघायचे आणि खिन्न व्हायचे. बस, इतनाच? कापड मीटरने विकणाऱ्या माणसाला पत्रही मीटरने हवं होतं. तेव्हापासून मी 'युअर गुडसेल्फ', 'काइंडली डू द नीडफुल' असा माल भरायला शिकलो. पत्र पानभर झालं की ते प्रसन्न व्हायचे. पसीना कुणाला सुटला नाही, रिश्ता मात्र कुठलाही तुटला नाही.

दुसरा एक सुपरवायझर. त्याला असा राजीनामा हवा होता की वाचून मालकाने घरी येऊन पाया धरावेत. मी जीव ओतून लिहिला. त्यात त्याग होता, स्वाभिमान होता, शेवटी एक हुंदकाही होता. मालकाने तो त्याच दुपारी मंजूर केला आणि नवा सुपरवायझर हवा अशी जाहिरात लिहून घ्यायला माझ्याकडेच आला. जाता जाता म्हणाला, राजीनामा फार छान होता, तुमचाच असणार. माणसं भाषेची कदर करतात, करत नाहीत असं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी जातीने आणि घरच्या धंद्याने खाटीक. बाजारात आमच्या वडिलांचं, अण्णांचं, मटणाचं दुकान होतं. मी त्या दुकानातून पळालो. लोकांना वाटतं रक्ताला भ्यायलो. रक्ताचं काय भ्यायचं, मी रविवारच्या गिऱ्हाइकांना भ्यायलो. एकाला मांडीचंच हवं पण हाड नको, दुसऱ्याला हाड हवं पण त्याचे पैसे द्यायचे नाहीत, तिसऱ्याला छातीचा सीना, चौथ्याला नळीच्या हाडाची नल्ली, आणि सगळ्यांना वर थोडी कलेजी 'अशीच'. इंग्रजीत निदान कलेजी अशीच मागत नाहीत, असं मला वाटलं होतं.

अण्णांचा ओटा दगडी होता. पहाटे गरम पाण्याने धुवायचा, दुपारी परत, संध्याकाळी परत. डावीकडे गर्दन, मग चाप, मग सीना, मांड्या वर टांगलेल्या, कलेजी-गुर्दा वेगळ्या ताटलीत, झाकून. डोळे मिटून हात टाकला तरी हवा तो भाग हाती यायचा. एकदा मी गुर्दा कलेजीच्या ताटलीत ठेवला, तर अण्णांनी ताटली उचलून माझ्यासमोर ठेवली आणि मी ती परत लावेपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवून धरलं. गिऱ्हाईक देवळात आलेल्या माणसासारखं हात जोडून उभं होतं. आमच्या घरात कपाट, पुस्तकं, नाती यांपैकी काहीही जागेवर नसायचं. जागेवर फक्त ओटा असायचा.

म्हणून मला तो शब्द जेव्हा पहिल्यांदा भेटला तेव्हा मी नीट बघून घेतला. एका निर्यातदाराच्या पत्रात आलं होतं की आमच्या गिऱ्हाइकाचं गोडाऊन शॅम्बल्समध्ये आहे. डिक्शनरी उघडली. शॅम्बल म्हणजे आधी नुसतं बाकडं, वस्तू मांडायचं. मग मटण मांडायचं बाकडं. मग खाटकांच्या बाकड्यांची रांग, म्हणजे मटणबाजार. पुढे कत्तलखाना, पुढे रणांगण, आणि आता? आता कुठलाही पसारा. इंग्रजी पेपर उघडा. अर्थव्यवस्था शॅम्बल्समध्ये, क्रिकेट संघाची फलंदाजी शॅम्बल्समध्ये, कुणा नटाचं लग्न शॅम्बल्समध्ये, आणि पोराची झोपायची खोलीही शॅम्बल्समध्ये. लिहिणाऱ्यांपैकी एकानेही खाटकाचा ओटा पाहिलेला नसणार. पाहिला असता तर आपल्या अर्थव्यवस्थेबद्दल इतकं चांगलं बोलला नसता.

आणि मराठी काय कमी आहे? दवाखान्याचं बिल जास्त आलं की डॉक्टर कसाई. कुणी कुणावर शस्त्र चालवलं की 'खाटकाच्या निर्दयतेने'. अण्णा घरात पाल मारायला आईला हाक मारायचे. पेपरवाल्यांना ते कुणी कळवलं नाही. मीही कळवलं नाही, कारण फुकट लिहायची मला सवय नाही.

मग आलं भिवंडीजवळचं काल्हेर. पूर्वी तिथे खाडीकाठची भातशेती होती आणि मिठागरं होती, आता गोडाऊनं आहेत. बाळूशेठ आगरी, वाडवडिलांच्या जमिनीवर त्यांची चार गोडाऊनं उभी आहेत. मोठ्या मनाचा माणूस. हळदीला अख्खं गाव जेवू घालतो आणि जेवण झाल्यावर प्रत्येकाला विचारतो, मटण कसं होतं, आणि उत्तर मनापासून ऐकतो. त्यांच्याकडे मी दर शनिवारी जायचो. आठवड्याचे मेल साठलेले असायचे, मी उत्तरं लिहून द्यायचो. त्यातल्या एका गोडाऊनमध्ये परतीचा माल यायचा.

परतीचा माल म्हणजे काय, ते सांगतो. तुम्ही घरबसल्या मोबाइलवर तीन कुर्ते मागवता, एक ठेवता, दोन परत करता. ते दोन कुठे जातात असा प्रश्न तुम्हाला पडत नाही, आणि पडू नये याचीच व्यवस्था आहे. ते काल्हेरला येतात. गोणी उघडली की त्यातून मिक्सर निघतो, साडी निघते, एकदाच घालून वास आलेले बूट, फुटलेली काचेची बरणी, गळणारी तेलाची बाटली. हे सगळं उघडायचं, बघायचं, चांगलं ते परत विक्रीला, खराब ते बाजूला, टाकाऊ ते कचऱ्यात. हे काम बायका करतात. अंबाडीच्या आसपासच्या पाड्यांतून टेम्पो त्यांना सकाळी घेऊन येतो. त्यांची मुकादम सुगंधा.

सुगंधा कमी बोलते आणि बोलली की समोरच्याला बसायला जागा शोधावी लागते. पावसाळ्यात तिच्या घरचं थोडं भात, आणि उरलेलं वर्ष गोडाऊनमध्ये. गोडाऊनच्या आधी ती उरलेलं वर्ष वीटभट्टीवर असायची, नवऱ्यासकट, पोरांसकट, भट्टीजवळच्या झोपडीत. गोडाऊन लागल्यापासून पोरं गावच्या शाळेत राहिली. "भट्टीवर परत न्हाय जायाचं," एवढंच तिचं मागणं होतं. बाकी कुठल्याही गोष्टीबद्दल तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आधी त्या गोडाऊनमध्ये माल जातवार लागायचा. कपडे एकीकडे, बूट एकीकडे, काच एकीकडे. कागदावर छान दिसायचं. प्रत्यक्षात ज्या बायकांचा आवाज मोठा त्या कपड्यांवर बसायच्या आणि नवी आलेली गरीब पोर बूट आणि फुटकी काच घेऊन बसायची. रोज भांडण, रोज रडारड, आठवड्याला एक तरी काम सोडून जायची. सुगंधाने ते मोडलं आणि वाटे घालायला सुरुवात केली.

वाटे म्हणजे गावाकडे बोकड कापल्यावर जे घालतात ते. पाच-दहा घरं मिळून बोकड घेतात. मग ज्याला त्याला मांडी हवी असते आणि ज्याला त्याला डोकं नको असतं. म्हणून पानांवर सारखे ढीग घालायचे, प्रत्येक ढिगात सगळं थोडं थोडं: मांडीतलं, बरगडीतलं, कलेजीचा तुकडा, हाड, चरबी. एकाने पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने एका ढिगावर काडी ठेवून विचारायचं, ह्यो कुणाचा? पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. कुरकुर नाही. सुगंधाचा सासरा पाड्यात वाटे घालायला प्रसिद्ध होता आणि सुनेला त्याची नजर आली होती.

रोज सकाळी गोडाऊनच्या फरशीवर ती ढीग घालायची. प्रत्येक ढिगात एक जड वस्तू, दोन-चार हलक्या, थोडे बूट, थोडी काच, थोडे कपडे. एक बाई भिंतीकडे तोंड करायची, नाव पुकारलं जायचं, आणि मग दिवसभर आवाज फक्त कात्रीचा आणि चिकटपट्टीचा. कामं लवकर उरकायला लागली. सोडून जाणं थांबलं. मी शनिवारी जायचो तेव्हा मेल लिहायचं सोडून ते बघत उभा राहायचो. अण्णांना ते आवडलं असतं. फक्त मिक्सरची नल्ली कुठली, असं त्यांनी विचारलं असतं.

पण एक चूक त्यात होती आणि ती मोठी होती. बोकडाची कलेजी बरगडीला लागली तर बिघडत नाही, दोघं एकाच घरातले. लोणच्याची बरणी शालूला लागली तर बिघडतं. पंधरा ऑगस्टच्या सेलनंतर परतीचा पूर आला होता, त्यात एका वाट्यात सुगंधाच्या हातून दोन्ही एकत्र पडले. बरणीचं झाकण हललेलं होतं. तेल वरून दिसेना, आत घडीत गेलं. शालू 'चांगला' म्हणून परत विक्रीला गेला आणि काढीव मुहूर्तावर लग्न होणाऱ्या पुण्यातल्या एका नवरीने तो हळदीच्या आदल्या दिवशी उघडला. तिने काय लिहिलं ते मी वाचलंय. माझ्याकडून लिहून घेतलं असतं तरी मला इतकं जमलं नसतं.

मग मोबाइलवर हा माल विकणाऱ्या कंपनीचा माणूस तपासणीला आला. वय तिशीच्या आत, अंगात चमकणारं जाकीट, हातात टॅबलेट. अतिशय सभ्य. सगळ्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणाला, बायकांनाही. फरशीवरच्या ढिगांचे फोटो काढले. हे असं का, म्हणून कुणालाही विचारलं नाही. फोटो काढल्यावर विचारायची गरज राहत नाही. दोन दिवसांनी मेल आला. परतीचा विभाग पूर्णपणे शॅम्बल्समध्ये आहे. जबाबदार व्यक्तीचं नाव कळवा, तिला कामावरून दूर केल्याचं कळवा, नाहीतर करार संपला असं समजा.

त्याचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. माल मिसळला होता, शालू बिघडला होता, आणि आजच्या इंग्रजीत शब्दही बरोबर होता. मला राग आला तो बरोबर असल्याचा.

बाळूशेठनी शनिवारची वाट न बघता बोलावलं. ऑफिसात त्यांची सून प्रणालीही बसली होती. शिकलेली, हुशार, माझ्याशी नेहमी आदराने वागणारी मुलगी. शेठ म्हणाले, "मास्तर, मना कालपास्न जेवन न्हाय. करार गेला तं अख्खा गोडाऊन बसला. तुमी सुगंधाचा नाव टाका नं मोकले व्हा." मी म्हणालो, शेठ, एक दिवस द्या, मी असं उत्तर लिहितो की नाव टाकावंच लागणार नाही. शेठना माझ्या इंग्रजीवर हाजीसाबांइतकाच विश्वास होता. दिला.

मी घरी बसून लिहिलं. काय लिहिलं म्हणून सांगू! त्यात वाट्यांची पद्धत होती, ती कुठून आली ते होतं, कामाची गती कशी वाढली ते होतं. ओला माल यापुढे वाट्यात न घालता वेगळा ठेवू, असा सरळ उपाय होता. आणि मधोमध त्या शब्दाची सगळी कुळकथा होती, बाकड्यापासून पोराच्या खोलीपर्यंत. शेवटी एक वाक्य असं होतं की माझं मलाच भरून आलं. इतक्या वर्षांत मी लोकांच्या चुकांना इस्त्री केली, हे पहिल्यांदा कुणाची तरी बाजू मांडत होतो, आणि बाजू खरी होती.

प्रणालीने ते पूर्ण वाचलं. एकदाही मोबाइलकडे बघितलं नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, फार सुंदर आहे. पण तिकडे हे कुणी वाचणार नाही. त्यांना फक्त नाव हवंय." तिने मोबाइलमधल्या एआयला दोन ओळी टाइप करून दिल्या, आणि चहा निवायच्या आत उत्तर तयार झालं. क्षमायाचना, मूळ कारण, तातडीची उपाययोजना, पुनरावृत्ती टाळण्याची हमी. मूळ कारणाखाली सुगंधाचं पूर्ण नाव, आणि पुढे 'तत्काळ प्रभावाने कार्यमुक्त'. ती म्हणाली, काका, तुम्ही फक्त एकदा तपासून द्या.

मी तपासलं. एकेक शब्द तपासला. हयातभरात पहिल्यांदाच चूक सापडावी म्हणून शोधत होतो. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होते, अण्णांच्या ओट्यासारखे. माझ्या जागी मोबाइल आला, तोही मीच तपासून दिलेला, आणि वर मला चहाही मिळाला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पसीना छूटे आणि रिश्ता ना टूटे, असं पत्र मला जन्मात जमलं नाही, ते त्या मोबाइलला चुटकीसरशी जमलं.

माझ्या धंद्याचं काय, मला पेन्शन नाही तशी भीतीही नाही. भीती सुगंधाची होती. तिला सांगायचं कोणी? शेठ म्हणाले, मास्तर तुमी बसा हितंच. काल्हेरातल्या कुठल्याही पुढाऱ्याला न घाबरणारा माणूस, पण ती आत आली तेव्हा टेबलावरचे कागद सारखे करत होता. त्यांनी सांगितलं. दिवाळी होईपर्यंत घरी बस, मग मागच्या दाराने परत घेतो, असंही सांगितलं. त्यांना ते खरंच वाटत होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरणी मीच ठेवली त्या वाट्यात. ते खरं हाय. पर मला काढल्यानं साडीतला डाग निघंल का?"

शेठ परत कागद सारखे करायला लागले.

"आमच्यात वाटा चुकला तर वाटा मोडून परत घालत्यात. घालणाऱ्याला गावाभाईर न्हाय काढीत."

मी म्हणालो, सुगंधाताई, मी लिहिलं होतं तसं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लिवलं आसंल. गेलं कुठलं?" आणि हे विचारताना तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. मी सांगितलं, दुसरं गेलं. तिने मान डोलावली, पदर खोचला आणि मागच्या दाराने परत येणार नाही एवढं सांगून पुढच्या दाराने गेली. दिवाळीनंतर मागच्या दाराने येणं म्हणजे साहेब तपासणीला आला की गोण्यांमागे लपणं, हे तिने आमच्याआधी ओळखलं होतं. मला तिथे फार वाईट वाटलं, आणि त्यावर करण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं, एक टोपण लावलेलं पेन सोडून.

पुढचं सांगतो, कारण त्यातच खरी मजा आहे. माल परत जातवार लागला. पिवळ्या पट्ट्या मारल्या, पाट्या लावल्या, बायकांना चमकणारी जाकिटं आली. मोठ्या आवाजाच्या बायका कपड्यांवर बसल्या. एका नव्या पोरीचा हात काचेने कापला, ती परत आलीच नाही. मग बुटांवर कोण बसणार म्हणून भांडण लागलं, ते इतकं वाढलं की टेम्पोवाला मध्ये पडला आणि त्याचाच सदरा फाटला. बूट कुणी उघडेना, गोण्या छताला लागल्या, जायला वाट उरली नाही. त्याच आठवड्यात तो सभ्य साहेब पुन्हा तपासणीला आला. पाट्यांचे फोटो काढले. मेल आला: लक्षणीय सुधारणा आढळली. बाळूशेठनी मला फोन करून सांगितलं आणि पुढे म्हणाले, "मास्तर, पाय ठेवाला जागा न्हाय हो गोडाऊनला." त्यांना हसू येत होतं की रडू ते फोनवर कळलं नाही.

सुगंधा दुसऱ्या गोडाऊनांत फिरली. एक मोठं गोडाऊन तिला मुकादम म्हणून घ्यायला तयारही होतं, पण आधीच्या ठिकाणाचं इंग्रजी पत्र हवं म्हणाले. कशामुळे सोडलं, ते त्यात असायला हवं. एका दुपारी ती माझ्या टेबलासमोर येऊन बसली. मी म्हणालो, ताई, आता हे मोबाइलवर होतं, फुकट होतं. ती म्हणाली, "तुमी लिवा." बाळूशेठ सही द्यायला आनंदाने तयार होते. त्यांची मान खाली जाते तिच्या नावाने, आणि सही करताना मान खालीच लागते, ते बरं झालं.

मी लिहायला घेतलं. आणि जे इतकी वर्षं केलं तेच केलं. वैयक्तिक कारणास्तव काम सोडलं, अत्यंत कार्यक्षम, प्रामाणिक, कुठलीही तक्रार नाही. चांगली कडक इस्त्री केली. मग म्हणालो, झालं. ती म्हणाली, वाचून दाखवा. मी म्हणालो, इंग्रजीत आहे. ती म्हणाली, मंग इंग्रजीतच वाचा. मी वाचलं. ती मांडीवर हात ठेवून, जमिनीकडे बघत शेवटपर्यंत ऐकत बसली. एक अक्षर कळत नव्हतं, पण मधे ढवळाढवळ नाही.

वाचून झाल्यावर तिने विचारलं, "ह्याच्यात लोणचं हाय का?"

मी म्हणालो, नाही, ते कशाला घालायचं, मुद्दाम गाळलंय.

"टाका. माझ्या हातनं झालं ते. आन् एकदाच झालं, ह्ये पन टाका. आन् पुन्यांदा कसं व्हनार न्हाय, त्ये तुमी आधी लिवलं व्हतं ना, ओला माल येगळा, त्ये पन टाका. उद्या त्यांला भाईरनं कळलं तर मला तिथून पन काढतील."

मी समजावून बघितलं. अशी पत्रं खरी नसतात, खरी असावीत अशी कुणाची अपेक्षाही नसते, नोकरी हवी असेल तर गुळगुळीत पत्रच चालतं, मी आयुष्यभर हेच करत आलोय. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मास्तर, भट्टीवर जायाला कुनी कागुद मागत न्हाय. मला नगं तिथं जायाला. म्हनून नीट लिवा."

मग मी नीट लिहिलं. बरणी लिहिली, शालू लिहिला, एकदाच लिहिलं, वाटे लिहिले, ओल्या मालाचं लिहिलं. 'युअर गुडसेल्फ' नाही, 'काइंडली' नाही. पंधरा ओळींचं पत्र झालं. हाजीसाब असते तर खिन्न झाले असते. तिने परत वाचायला लावलं, परत तसंच ऐकलं, कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि पैसे काढायला लागली. मी घेतले नाहीत, तर तिने ते टेबलावर ठेवून वर माझंच पेन ठेवलं.

बाळूशेठनी सही केली, ते पत्र जाऊन बरेच दिवस झाले. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा पाऊस उघडलेला असेल आणि भट्ट्यांचे मुकादम माणसं गोळा करत पाड्यापाड्यांतून फिरायला लागलेले असतील. उत्तर माझ्या मेलवर यायचं होतं, ते आलेलं नाही. वज्रेश्वरीच्या गाडीने जाताना अंबाडी नाक्यावर ती कधी कधी दिसते. मला बघून लांबूनच भुवया उंचावते, आलं का म्हणून. मी खिडकीतून नाही म्हणून मान हलवतो. ती बरं म्हणून हात करते, आणि गाडी सुटेपर्यंत तिथेच उभी राहते.